मास्तरीणबाईंना वाचा फुटली

चर्चच्या मंडळीत तिला सगळे भेटबाई म्हणत. कुणी आजारी पडलं, कुणाचं हाड मोडलं, कुणाचं बाळंतपण अवघड गेलं, की रविवारच्या उपासनेनंतर पाळकसाहेब मान उंच करून गर्दीत तिला शोधत, आणि ती आधीच पिशवी खांद्याला अडकवून दाराशी उभी असे. आजाऱ्याला भेटायला जाणं म्हणजे प्रभूलाच भेटायला जाणं, असं पाळकसाहेब नेहमी सांगायचे. बाकीच्यांनी ते ऐकून घेतलं होतं. भेटबाईनं मनावर घेतलं होतं.

घरी मात्र ती नुसती धाकटी होती. दोघी बहिणींचं शिवणकामाचं दुकान होतं. खाली दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. बेतायचं आणि कापायचं काम धाकटीचं, शिलाई मशीन थोरलीचं. थोरलीचा डावा पाय लहानपणापासून अधू, त्यामुळे जिने चढणं-उतरणं, कापड आणणं, गिऱ्हाइकांची मापं घेणं हे सगळं धाकटीकडे आपसूक आलेलं. लग्न दोघींचंही झालं नाही. थोरलीचं जमलं नाही. धाकटीचं थोरलीमुळे राहून गेलं, असं लोक म्हणत. धाकटी स्वतः तसं कधी बोलली नव्हती. निदान घरात तरी नाही.

इतकी वर्षं ती आजाऱ्यांना भेटत आली, पण प्रभू काही तिला भेटला नव्हता. भेटायचे ते आजारीच. कुणी कण्हायचं, कुणी जेवणाला नावं ठेवायचं, कुणी सुनेची गाऱ्हाणी सांगून तिचे कान किटवायचं. ती हात धरायची, प्रार्थना म्हणायची, आणि बाहेर रस्त्यावर आल्यावर तिला फक्त एवढंच जाणवायचं, की आपले पाय दुखताहेत. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला? लोक तिच्याकडे बघून म्हणायचे, "हिचं बरं, हिला देव रोजचाच."

मग मास्तरीणबाई आजारी पडल्या.

गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गणित शिकवलेलं, आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांचा धाक ऐकून माहीत होता. मेंदूत गुठळी झाली, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. डावा हात तेवढा चालायचा. जवळचं असं कुणी नव्हतं, म्हणून त्यांना शुश्रूषागृहातल्या शेवटच्या खोलीत ठेवलं. खोली लहान. एक खाट, एक पत्र्याचं कपाट, बसायला स्टूल, आणि खिडकी खाटेच्या उशाकडे, म्हणजे पडलेल्या माणसाला बाहेरचं काही दिसायचं नाही, फक्त समोरची हिरवट भिंत.

पहिल्या दिवशी धाकटी स्टुलावर बसली, बाईंचा चालता हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि नेहमीची प्रार्थना म्हटली. बाई बघत राहिल्या. डोळे तेच, वर्गावरून फिरवायच्या तसले, पण जीभ गप्प. धाकटीला ती शांतता सोसेना. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं सांगितलं, की आज सकाळी पडद्याचं कापड उलटं कापलं गेलं आणि ताई दिवसभर धुसफुसत होती. मग ताई एकूणच कशी धुसफुसते ते सांगितलं. मग तिला रडू आलं.

ती उठली तेव्हा डोक्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून ठेवल्यासारखं वाटत होतं. रस्त्यावर आल्यावर पाय दुखले नाहीत. कुणीतरी ऐकलं होतं. टोकलं नव्हतं, सल्ला दिला नव्हता, "माझं तर याहून वाईट" म्हणून आपलं पुराण लावलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. चालता चालता ती थबकलीच. हाच तो प्रभू असेल का?

तेव्हापासून ती शेवटच्या खोलीत वारंवार जाऊ लागली. आधी प्रार्थना, मग मन मोकळं करणं. हळूहळू प्रार्थना आखडत गेली आणि मोकळं करणं वाढत गेलं. सिस्टर कौतुकानं म्हणायची, "भेटबाई, तुमच्यासारखं जीव लावून कुणी बसत नाही." बाईंचा हात हातात असायचा, कधी कधी त्या तो ओढून घ्यायला बघायच्या, तेव्हा धाकटी आणखी घट्ट धरायची. बिचाऱ्यांना आधार हवा असेल, दुसरं काय.

अशात घड्याळजीची गोष्ट झाली. घड्याळजी म्हणजे समोरच्या बाजूचा घड्याळदुरुस्तीवाला, मंडळीतलाच, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, अबोल माणूस. विजारीची शिवण उसवली म्हणून दुकानात आला. थोरली वर विश्रांती घेत होती. घड्याळजी विजार टेबलावर ठेवून बराच वेळ ती नीट घडी करत राहिला, मग म्हणाला, "मी मुलीकडे राहायला जायचं म्हणतोय. दुसऱ्या गावी. तुम्ही आलात तर बरं वाटेल. म्हणजे रीतसर, लग्न करून."

धाकटीच्या हातातली कात्री तशीच उघडी राहिली. "मला विचार करायला वेळ द्या," ती म्हणाली. पन्नाशी उलटलेली बाई, पण कान लालभडक झाले.

ताईला सांगायची तिची छाती झाली नाही. तिनं सांगितलं ते शेवटच्या खोलीत. सगळंच सांगितलं. घड्याळजीचे हात किती स्वच्छ असतात ते, ताईला टाकून जायला मन धजत नाही ते, आणि न जाता इथेच म्हातारं व्हायला मन तयार नाही तेही. शेवटी पांघरुणात तोंड खुपसून ती पुटपुटली, "कधी कधी वाटतं बाई, देवानं ताईला आधी नेलं तर मी सुटेन."

असं ती मोठ्यानं प्रथमच बोलली. वर पाहिलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. धाकटीला वाटलं, आपल्यासाठीच.

थोड्याच दिवसांनी धाकटीला खोकल्यानं धरलं. आजाऱ्याकडे खोकत जायचं नाही, हा तिचा नियम. बाईंसाठी दोघींनी मिळून एक झगा शिवला होता, पाठीमागून नाड्यांनी बांधायचा, म्हणजे अंघोळ घालणाऱ्याला सोपं जावं. थोरली म्हणाली, "पडून राहा तू. मी गाडी करून देऊन येते. तुझ्या बाईंना मलाही एकदा बघू दे की."

थोरली परत आली तेव्हा धाकटी वरच्या खोलीत गरम पाण्याची वाफ घेत होती. जिन्यावर पावलं वाजली: एक हलकं, एक जड, मधे थांबणं. एरवी ताई खालूनच हाका मारायची. आज हाक नाही.

"दिलास झगा? आवडला त्यांना?"

थोरली खुर्चीत बसली. श्वास लागला होता. "तुझ्या बाईंना वाचा फुटलीय," ती म्हणाली.

"काय सांगतेस! खरंच?" धाकटीनं डोक्यावरचा टॉवेल भिरकावला. "देवाची कृपा! काय बोलल्या गं?"

"आधी विचारलं, 'तू ताई?' मी म्हटलं, हो. मग बोलल्या. तुटक तुटक बोलतात, पण कळतं सगळं." थोरलीनं आपल्या अधू पायाकडे पाहिलं. "ताई मेली की सुटेन, म्हणाल्या."

वाफेचं भांडं तसंच निवत राहिलं.

"घड्याळजीचंही म्हणाल्या. मला आधी वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. पण पडद्याचं कापड उलटं कापलं तेही त्यांना माहीत होतं. मी त्या दिवशी तुला काय बोलले ते अगदी शब्दाला शब्द."

"ताई, मी..."

"मरायची वाट कशाला बघत बसलीस गं? मला म्हणायचंस. मी काय जिना अडवून बसलेय?" थोरलीचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. ती भांडली असती तर धाकटीला सवय होती. "परक्या बाईपाशी जाऊन माझ्या मरणाचं मागणं मागत होतीस, आणि मी इथे म्हणत होते, जाऊ दे तिला, पुण्याचं काम करतेय."

थोरली उठून स्वयंपाकघरात गेली. त्या दिवसापासून ताटं वेगळी झाली. बोलणं होतं, पण ते कापडापुरतं. बाही किती, अस्तर कुठलं, बटणं कधी येणार.

गोष्ट घरात राहिली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण थोरली तिथे बसली होती तेव्हा सफाईवाली मावशी खोलीत फरशी पुसत होती, आणि मावशीच्या तोंडात तीळ भिजत नसे. रविवारपर्यंत सगळ्या मंडळीला खबर. उपासनेनंतर आवारात बायकांचं कोंडाळं जमलं होतं, त्यातली एक घड्याळजीला चिडवत म्हणाली, "काय हो, गुपचूप गुपचूप चाललंय म्हणे! आम्हाला कधी बोलावताय?"

घड्याळजी हसला. एरवी न हसणारा माणूस, तो इतका मोठ्यानं हसला. "छे हो! काहीतरीच काय. मी आपला विजार शिवायला टाकायला गेलो होतो. भेटबाईंचा काहीतरी गैरसमज झालेला दिसतोय."

धाकटी त्याच्या मागेच उभी होती. त्यानं वळून पाहिलं, ओळखलं, आणि घाईघाईनं घड्याळ बघितलं. महिना संपायच्या आत तो मुलीकडे राहायला निघून गेला. शिवलेली विजार दुकानातच राहिली. थोरलीनं ती न बोलता कुण्या गरजूला देऊन टाकली.

पाळकसाहेब घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसले, टोपी गुडघ्यावर फिरवत राहिले. "बाई, तुमची सेवा मोठी आहे, कुणी नाही म्हणत नाही. पण सध्या लोक बोलताहेत. आजाऱ्यांच्या घरचे विचारतात, ही बाई आमच्याकडे येऊन काय बोलेल आणि काय बाहेर नेईल? थोडे दिवस विश्रांती घ्या."

"मी कुणाचं काही बाहेर नेलं नाही," धाकटी म्हणाली. "माझंच नेलं गेलं."

"ते खरं. पण लोकांचं तोंड कोण धरणार?"

"तुम्ही धरू शकला असतात," ती म्हणाली. पाळकसाहेब खाली बघत उठले.

ती घरी बसली. कापड बेतताना तिच्या मनात एकच घोळायचं. बहिणीचा राग समजण्यासारखा होता. घड्याळजी भित्रा निघाला, तर निघाला. पाळकसाहेबांना मंडळी सांभाळायची होती. पण ती खोली? त्या खोलीत तिला वाटलं होतं, की आपलं कुणीतरी ऐकतंय. सगळ्या आयुष्यात एकदाच तसं वाटलं होतं. आणि त्यानंच तिची चहाडी केली. माणसानं दगा दिला तर देवाकडे जावं. देवानंच दगा दिला तर कुणाच्या दारात उभं राहायचं? तिनं प्रार्थना सोडली. मुद्दाम सोडली असं नाही. तोंड उघडलं की वाटायचं, हेही कुठेतरी जाऊन पोचणार.

शेवटी एका दुपारी ती उठली आणि शुश्रूषागृहाकडे चालू लागली. प्रार्थनेला नाही, भांडायला. वाटेत तिनं सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती.

मास्तरीणबाई उशाला टेकून बसवलेल्या होत्या. अंगात तो नाड्यांचा झगा होता. धाकटी स्टुलावर बसली नाही.

"का केलंत असं?" तिनं विचारलं. "मी विश्वासानं बोलले होते. तुमच्यात मला देव दिसत होता हो, बाई. आणि तुम्ही... माझं घर मोडलंत."

बाई शब्द शोधत होत्या. ओठ वाकडे व्हायचे, थांबायचे, परत जुळायचे. "बोलता आलं," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा. डोक्यात... माझं काही नव्हतं. तुझंच. सगळं तुझं. तेच बाहेर आलं."

"एवढंच?"

"नाही." बाई थांबल्या. त्यांना खोटं बोलायचं असतं तर इथे बोलता आलं असतं. "राग होता. तुझा."

"माझा? मी तर तुमच्यासाठी ऊन-वारा न बघता येत होते!"

"तू देवाशी बोलत होतीस." बाईंनी डावा हात कष्टानं उचलला आणि नाकाला लावला. "इथे. माशी. रोज माशी. एकच हात चालतो. तो तू धरलेला."

धाकटीनं जुळवलेली वाक्यं कुठे गेली कुणास ठाऊक.

"ओढायची मी," बाई म्हणाल्या. "तू आणखी घट्ट. तहान लागायची. भिंत... ही भिंत. नको झाली. मान वळत नव्हती. तू रडायचीस. मी पण रडायची. माशीसाठी."

हे सांगताना बाईंच्या घशातून एक विचित्र आवाज आला. हसणं होतं की हुंदका, धाकटीला कळलं नाही. बहुधा बाईंनाही नसावं.

धाकटी आता स्टुलावर बसली. मग तिनं विचारलं. इतक्या वर्षांत, इतक्या खाटांपाशी बसून, हे तिनं कधी खरोखर विचारलं नव्हतं.

"काय हवंय तुम्हाला?"

"खिडकी," बाई म्हणाल्या. "आणि डोकं खाजतंय."

धाकटीनं मावशीला हाक मारली. मावशी तिला बघून जरा चपापली, पण आली. दोघींनी मिळून खाट ओढली, कपाट सरकवलं, खाटेचं तोंड फिरवलं. खिडकीबाहेर बघण्यासारखं फारसं नव्हतं: वाळत घातलेल्या चादरी, सायकली लावायची जागा, एक बोडकं झाड. बाई ते असं बघत होत्या, की धाकटीला तिकडे बघवेना.

मग तिनं कोमट पाणी आणलं, बाईंच्या खांद्याखाली रबरी कापड सरकवलं आणि डोकं धुवायला घेतलं. केस विरळ, टाळू कोरडी, कानामागे मळ साचलेला. ती बोलली नाही. प्रार्थनाही म्हटली नाही. डोक्याचा सगळा भार तिच्या डाव्या तळहातावर होता, आणि ते वाटलं होतं त्याहून जड होतं.

त्या भारानंच तिला कळलं असावं. इतके दिवस ती धरून चालली होती, की या खोलीत देव आहे तो ऐकणारा. शांत बसून तिचं सगळं पोटात घालणारा. तो खोलीत होता, यात तिला आताही शंका वाटली नाही. फक्त तो कानांत नव्हता. तो खाटेवर पडला होता, त्याला तहान लागली होती, आणि त्याचा चालता एकुलता एक हात तिनं आपल्या दोन्ही हातांत आवळून ठेवला होता.

हे कळल्यावर माणसाला आनंद होतो म्हणतात. तिला झाला नाही. लाज वाटली, आणि लाजेखाली राग तसाच होता, जरासुद्धा न विरघळलेला. बाईंनी केलं ते चांगलं नव्हतंच. तिनं टॉवेलनं डोकं पुसलं, रुंद दातांच्या फणीनं गुंता हलक्या हातानं सोडवला.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"मी पण नाही," बाई म्हणाल्या. मग डोळे मिटून, "परत येशील?"

"विचारून येईन."

घरी आल्यावर, धीर ओसरायच्या आत, ती थोरलीच्या मशीनपाशी जाऊन उभी राहिली. "ताई, तुला काय हवंय माझ्याकडून?"

थोरलीनं मशीन थांबवलं. धाकटीला वाटलं होतं, ताई म्हणेल 'माफी माग', किंवा म्हणेल 'काही नको, बस आता'. थोरलीनं सुईखालचं कापड सरळ केलं आणि म्हणाली, "मला एकटीला राहायचंय."

"एकटीला? जिना कोण..."

"बघितलंस? लगेच जिना." थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. "मी मेल्यावर तू सुटणार होतीस ना? मी जिवंतपणीच सुटतेय. मला जन्मभर कुणाच्या तरी उपकारात ठेवलंत सगळ्यांनी. तू जास्तच."

विचारलं होतं, तेव्हा उत्तर घेणं भाग होतं. धाकटीनं बेकरीच्या मागे एक खोली भाड्यानं घेतली. तिला जे हवं म्हणून ती पांघरुणात तोंड खुपसून रडली होती, ते तिला मिळालं: वेगळं दार, वेगळी किल्ली. पहिले काही आठवडे चहा करताना ती सवयीनं दुसरा कप शोधायची. दुकानात ती रोज जायची, कापड कापायची, संध्याकाळी निघायची. थोरलीनं बिछाना खाली आणला, दुकानामागच्या कोठीत, आणि जिना चढायचाच बंद केला. इतकी साधी गोष्ट दोघींना इतक्या वर्षांत सुचली नव्हती.

मंडळीत तिला पुन्हा सेवेवर घ्यायचं कुणी नाव काढलं नाही. भेटबाई हे नाव मात्र चिकटून राहिलं, थोड्या कुजक्या सुरात. मास्तरीणबाईंकडे ती जायची. दारातून विचारायची. कधी बाई म्हणायच्या, "ये." कधी म्हणायच्या, "आज नको, जा," आणि ती परत फिरायची, आणि परतीच्या वाटेवर तिचे पाय पहिल्यासारखे दुखायचे.

थंडी वाढली तशी थोरलीच्या पायाला सूज आली. एक दिवस दुकान उघडलंच नाही. धाकटीकडे दुकानाची किल्ली होती. तिनं ती पिशवीतून काढली, परत टाकली, आणि दार वाजवलं.

"कोण आहे?"

"मी."

"कशाला आलीस?"

"भेटायला. येऊ का?"

आत खाट करकरली. रस्त्यावरून एक दूधवाला भांडी वाजवत गेला.

"देवाबिवाचं काही बोलणार असशील तर आल्या पावली परत जा."

"नाही बोलणार."

"मग ये. आणि दार लोटून घे, गार वारा येतोय."

धाकटी किल्लीनं दार उघडून आत गेली. थोरली पाय उशीवर ठेवून पडली होती, चेहरा ओढलेला. धाकटीनं स्टूल ओढलं आणि हात आपल्या मांडीवर ठेवून बसली. विचारायचं तेवढं तिनं विचारलं. थोरलीनं पाणी मागितलं, पाय जरा उंच करायला सांगितलं. आणि मग थोरली बोलायला लागली. आईनं कशी दोघींत तुलना केली ते, मंडळीतल्या बायका 'बिचारी' म्हणतात तेव्हा तिला काय वाटतं ते, धाकटी आजाऱ्यांकडे निघाली की मागे दुकानात कसं भकास वाटायचं ते, आणि घड्याळजी भला माणूस आहे असं तिला स्वतःलाच कसं कधीकाळी वाटलं होतं तेही. त्यातलं बरंचसं धाकटीला लागणारं होतं. काही खोटंही होतं. ती एकदाही मधे बोलली नाही.

दुपार कलली तरी थोरलीचं संपलं नव्हतं.